सुट्टीच्या दिवशी काढलेला नकाशा

नगररचना खात्याच्या कचेरीत त्याला सगळे रंगारी म्हणायचे. हुद्दा आरेखकाचा होता, पण तो शब्द फक्त पगाराच्या कागदावर राहायचा. शहराच्या नकाशात रंग भरायचं काम त्याच्याकडे होतं. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल, बागा हिरव्या. कचेरीत संगणक येऊन पडला होता खरा, पण तो प्लॅस्टिकच्या आवरणाखाली होता आणि त्याच्यावर धूळ बसू नये एवढीच काय ती सगळ्यांना काळजी. तोवर शहर रंगायचं ते रंगाऱ्याच्या ब्रशानंच.

लोकांना वाटायचं, कुठं काय होणार हे रंगारीच ठरवतो. रस्त्यात गाठून विचारायचे, "आमचा तुकडा निळा करा ना साहेब, दुकान टाकायचंय." तो हात जोडून सांगायचा की बाबा रे, मी फक्त ब्रश धुणारा माणूस. ठरवतात त्या नगररचनाकार मॅडम. म्हणजे त्यांनी एकटीनं ठरवलं असं तरी कुठं असतं? आधी गल्लोगल्ली फिरून आज कुठं काय आहे ते नोंदवायचं. मग पुढच्या वीस वर्षांत माणसं किती वाढतील, गाड्या किती वाढतील याचा अंदाज बांधायचा, आणि शाळा, रस्ते, वाहनतळ कुठं बसतील ते बघायचं. जिथं बसतील तिथं आरक्षण टाकायचं, म्हणजे ती जागा त्या कामासाठी राखून ठेवायची. असा प्रारूप आराखडा लोकांसमोर मांडायचा. लोक हरकती घेणार, समिती त्या ऐकणार, दुरुस्त्या होणार, मग नगरपालिका, मग वर सरकार. एवढ्या हातांतून गेल्यावर आराखडा मंजूर व्हायचा. तोवर मूळचा पिवळा रंग थोडा फिका पडलेला असायचा, हे मात्र फक्त रंगाऱ्याला ठाऊक.

त्याचा आवडता काळ म्हणजे प्रदर्शनाचा. नगरपालिकेच्या सभागृहात आराखडा भिंतभर लावायचे आणि रंगाऱ्याला हातात काठी देऊन उभं करायचे. लोक यायचे, नकाशाकडे बघायचे आणि गांगरून जायचे. शहाणीसुरती माणसं, पण स्वतःचं घर कागदावर सापडेना. रंगारी विचारायचा, "घराच्या दारात उभं राहिल्यावर समोर काय दिसतं?" पाण्याची टाकी, म्हणायचा माणूस. "आणि टाकीच्या डाव्या हाताला?" बोळ. असं करत करत तो त्याला टाकीपासून बोळातून चालवत थेट स्वतःच्या दारात आणून सोडायचा. घर सापडलं की माणसाचा चेहरा असा खुलायचा, की जणू ते हरवलेलंच होतं. मग तो माणूस म्हणायचा, अरे, माझ्या पडवीवरून रस्ता जातोय की. त्यावर रंगाऱ्याचं ठरलेलं उत्तर होतं, "हरकत लेखी द्या."

हे तीन शब्द त्याच्या तोंडात इतके बसले होते, की घरी भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं तर बायकोच त्याला म्हणायची, "लेखी द्या."

त्या वर्षी प्रदर्शनाला भावोजी आले. भावोजी म्हणजे रंगाऱ्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते जवळच काहीतरी कामाला आले होते, आणि मेहुणा काठी घेऊन काय करतो ते बघू म्हणून आत शिरले. ताई स्वतः कधी आली नव्हती. "माझं घर मला ठाऊक आहे, ते कागदावर कशाला बघायचं?" हे तिचं म्हणणं.

"चला, तुम्हाला तुमच्या घरी पोचवतो," रंगारी ऐटीत म्हणाला. "दारात उभे राहिलात, समोर काय?"

"समोर काय असणार, मैदान," भावोजी म्हणाले.

ताईचं घर लाँड्रीच्या गल्लीत होतं. त्या गल्लीत घरटी एक लाँड्री. पुढच्या खोलीत इस्त्री, मागं धुण्याचे हौद आणि समोर सगळ्यांचं मिळून एक मैदान. त्यात काठ्या रोवून, दोऱ्या ताणून अर्ध्या शहराचे कपडे वाळत घालायचे. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, शाळांचे पडदे, साहेबलोकांच्या विजारी. जागा पालिकेची होती. पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे ती आपलीच असं गल्ली धरून चालली होती.

रंगाऱ्याची काठी मैदानावर गेली आणि तिथंच थांबली. नकाशात ती जागा करड्या रंगाची होती. करडा म्हणजे वाहनतळ. तो रंग त्यानं स्वतः भरला होता, तोही छान, एकसारखा, कडेला एक ओघळ न येऊ देता.

"करडा म्हणजे काय रे?" भावोजींनी विचारलं.

रंगाऱ्यानं सांगितलं. भावोजींचं हसणं ओठांवरच विरलं. "मग कपडे कुठं वाळवायचे?" ते म्हणाले.

लोकांची घरं शोधून देणाऱ्याला सख्ख्या बहिणीचं अंगण ओळखता आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ब्रश फिरवताना त्याच्यासमोर फक्त एक भूखंड क्रमांक होता. ताईकडच्या मैदानाला क्रमांक असतो, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पण खरी गंमत पुढंच होती, आणि ती त्याला आता आठवली. ती जागा नोंदवायला तोच गेला होता. पाहणीच्या वेळी माणसं कमी पडली, म्हणून मोजणीदाराबरोबर फीत धरायला त्याला धाडलं होतं. आणि पाहणी कधी करायची, तर सुट्टीच्या दिवशी. खात्याची ही जुनी रीत. त्या दिवशी रस्ते रिकामे, फीत सरळ ताणता येते, मध्ये हातगाड्या नाहीत. सोय कुणाची, तर मोजणाऱ्यांची. लाँड्रीच्या गल्लीचा नियमही तितकाच जुना. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्या गुंडाळायच्या, काठ्या उपटून आत ठेवायच्या आणि मैदान पोरांना खेळायला सोडायचं. पाहणीला गेले तेव्हा भर दुपार होती, उन्हात पोरंही नव्हती. रंगाऱ्यानं त्याच मैदानासमोर, ताईच्याच पायरीवर बसून, ताईच्याच हातचा चहा प्यायला होता. मग कप खाली ठेवून कागदावर लिहिलं होतं, 'मोकळी जागा.' त्याच्या डोळ्यांना तेव्हा मोकळी जागाच दिसली होती. खात्याचा माणूस कामावर असताना भाऊ नसतो, असं तो नेहमी अभिमानानं सांगायचा. त्या दिवशी तो जरा जास्तच खात्याचा झाला होता.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. भावोजींनी आधीच सगळं सांगितलं होतं. ताई इस्त्री करत होती. ती थांबली नाही.

"धाकट्या, त्या दिवशी चहात साखर कमी पडली होती का रे?" तिनं विचारलं.

"नाही गं ताई."

"मग असा सूड का उगवलास?"

 त्यानं काय व्हायला हवं ते सांगितलं. मुदत संपायच्या आत हरकत द्यायची, सुनावणीला हजर राहायचं, समितीपुढं आपलं म्हणणं मांडायचं.

"तूच सांग की तुझ्या मॅडमना."

"हरकत लेखी द्यावी लागते, ताई."

ताईनं इस्त्री उभी करून ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. त्याला लहानपणी अंघोळ घालताना ती असंच बघायची, साबण डोळ्यांत जायच्या आधी. "मलासुद्धा लेखी?" ती म्हणाली. "बरं. देते लेखी. अगदी सुवाच्य अक्षरात देते."

दुसऱ्या दिवशी रंगारी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. पाहणी, सुट्टी, चहा, काहीच लपवलं नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"तिथं राहणाऱ्या तुमच्या कोण?"

"सख्खी बहीण."

"मग या विषयात तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "रागावून नाही सांगत. तुम्ही बोललात तर लोक म्हणतील, खात्यात भाऊ आहे म्हणून आरक्षण उठलं. त्यांची बाजू त्यांनाच मांडू दे. खरी असेल तर टिकेल."

मॅडमचं चुकलं नव्हतं, हेच वाईट होतं. चूक आपली आणि ती निस्तरायला तोंडही उघडायचं नाही, या विचारानं रंगाऱ्याला जेवण गोड लागेना. मैदान गेलं तर ताईची लाँड्री गेली. एवढे ओले कपडे काय गच्चीवर वाळणार होते? तिला या वयात दुसरं कुठलं काम येणार होतं? बायको म्हणाली, "तुम्ही तुमच्या बहिणीला अजून ओळखलं नाही. जेवा."

सुनावणी त्याच सभागृहात झाली. लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, मध्ये समितीचे अध्यक्ष. ते एका महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला पालिकेचे सभासद. नकाशा धरून रंगारी मागं उभा. ताईचा पुकारा झाला, ती पुढं आली आणि जे होतं ते सांगितलं. गल्लीत लाँड्र्या कधीपासून आहेत, कपडे कुठून येतात, मैदान का लागतं.

"पण बाई, पाहणीत ती जागा मोकळी दिसते," अध्यक्ष म्हणाले. "काठ्या नाहीत, दोऱ्या नाहीत. तिथं कायम वापर आहे असं आम्ही कशावरून मानायचं?"

"पाहणीला आलेल्या माणसाला विचारा," ताई म्हणाली. तिनं रंगाऱ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही.

रंगाऱ्यानं नकाशाच्या कडा घट्ट धरल्या. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या आणि तो जमिनीकडे. अध्यक्षांनी कागद बघायला हात पुढं केला, तेवढ्यात त्यांचा धक्का लागून चहाचा कप कलंडला. हिरव्या कापडावर चहाचं भलंमोठं तळं झालं. धावपळ झाली, फायली उचलल्या, शिपायानं कापड काढून नेलं. उघड्या टेबलावर पुढचं कामकाज चाललं आणि अध्यक्षांनी निर्णय दिला, समिती प्रत्यक्ष जाऊन जागा बघेल.

रंगाऱ्याच्या जिवात जीव आला, तो स्थळपाहणीची तारीख हाती येईपर्यंत. अध्यक्ष सोडले तर समितीतली सगळी माणसं एरवी कामात. सगळ्यांना सोयीचा दिवस कोणता? सुट्टीचा.

म्हणजे पुन्हा तेच. समिती जाणार, मैदान रिकामं दिसणार, मोकळी जागा म्हणून पुन्हा शिक्का बसणार. त्याची पाचावर धारण बसली. ताईला निरोप पाठवावा तर मॅडमचा हुकूम मोडतो. न पाठवावा तर बहीण बुडते. नोटीस तिच्या हाती पडली असेल हे त्याला कळत होतं, पण तारखेवरून तिच्या काही लक्षात येईल का? तो घरात येरझाऱ्या घालू लागला.

"नोटीस तिला आलीय ना?" बायको म्हणाली. "तिला वाचता येतं. तुम्हाला बसता येत असेल तर बसा."

सुट्टीचा दिवस उजाडला. समितीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. अध्यक्ष पुढं, मॅडम आणि सभासद त्यांच्यामागं, आणि सगळ्यांत शेवटी गुंडाळलेला नकाशा काखेत मारून रंगारी. कोपऱ्यावरचं पिठाच्या गिरणीचं दार बंद, पानटपरी बंद, कुत्रं सावलीत पसरलेलं. गल्ली झोपेत असल्यासारखी. रंगारी आणखी दोन पावलं मागं राहिला. मग ते वळणावरून पुढं आले.

मैदान कपड्यांनी भरून गेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी, चादरींमागं पडदे, पडद्यांमागं शर्टांच्या रांगा. वाऱ्यानं सगळं एकदम उचललं जायचं आणि एकदम खाली यायचं. मध्ये वाकून चालावं लागत होतं. एका सभासदाच्या डोक्यावर ओली उशीची खोळ आली, ती त्यांनी अदबीनं बाजूला केली. रंगाऱ्याला हसूही येईना आणि रडूही येईना. त्यानं नकाशा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

ताई दोऱ्यांमधून चिमट्यांची टोपली घेऊन बाहेर आली.

"बाई, आज सुट्टी," अध्यक्ष म्हणाले. "सुट्टीला इथं काम बंद असतं असं तुम्हीच लेखी दिलंय. मग हे आज कसं? आमच्यासाठी मुद्दाम घातलंत का?"

"हो," ताई म्हणाली. "मुद्दाम घातलंय. तुम्ही आलात सुट्टीच्या दिवशी, म्हणून आम्ही सुट्टी मोडली. उद्या या, परवा या, मुद्दाम न घातलेलंही असंच दिसेल."

अध्यक्ष काही बोलणार होते, पण त्यांची नजर एका दोरीवर गेली. तिच्यावर एक लांबलचक हिरवं कापड वाळत होतं. ते जवळ गेले, कापड दोन्ही हातांत घेऊन उजेडात धरलं, उलटसुलट करून बघितलं.

"हे आपल्या टेबलावरचं ना?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"पालिकेचं सगळं धुणं आमच्याकडेच असतं," ताई म्हणाली.

"डाग गेला की." अध्यक्ष खरोखरच खूश झाले होते. "आमच्या घरी सगळे म्हणाले, चहाचा डाग जात नाही."

"जातो. पण त्याला ऊन लागतं. धुवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळवायचं. यंत्रात वाळवला तर बसतो तो कायमचा."

मॅडम मात्र कापडात रमल्या नव्हत्या. त्या मैदानाच्या कडेनं पूर्ण चालून आल्या, काठ्यांची जुनी भोकं वाकून बघितली, भोकांत बसवलेल्या विटा झिजलेल्या होत्या त्या हात लावून बघितल्या. मग त्यांनी ताईला विचारलं, गाड्यांचं काय करायचं, कारण बाजारात येणाऱ्या गाड्या आज रस्त्यात उभ्या राहतात आणि रोज भांडणं होतात. ताई म्हणाली, ते तिला ठाऊक आहे, तिची कपड्यांची हातगाडीही त्यातच अडकते, पण गाड्या कुठं लावायच्या हे ठरवायला ती शिकलेली नाही. "ते तुमचं काम," ती म्हणाली. मॅडम हसल्या. "खरंय," त्या म्हणाल्या. आणि रंगाऱ्याच्या हातून नकाशा घेऊन त्यांनी तो ताईच्याच पायरीवर पसरला. पलीकडं बाजाराच्या मागं पालिकेची जुनी गोदामं होती, अर्धी पडकी. सगळ्या बाजूंनी विचार करत, सभासदांशी वाद घालत, त्यांनी वाहनतळ तिकडं नेण्याची सूचना लिहून घेतली. बाजारापासून ती जागा जरा लांब होती, म्हणून एक सभासद कुरकुरले. पण ते तेवढ्यावरच राहिलं.

जाताना मॅडम रंगाऱ्याला म्हणाल्या, "सुट्टीला जिथं जिथं पाहणी केली, तिथल्या सगळ्या मोकळ्या जागा कामाच्या दिवशी पुन्हा बघायच्या. तुम्हीच जायचं."

तो गेला, आणि अशा आनंदानं गेला, की जणू फिरायला निघालाय. एका मोकळ्या जागेत त्याला दोरखंड वळणारे सापडले. दुसरीकडं गाडी चालवायला शिकवणारा एक गृहस्थ आणि त्याची घाबरलेली शिष्या. आपण रंगवत होतो ते झोपलेलं शहर होतं, असं तो बायकोला म्हणाला. बायको म्हणाली, चला, जागे झालात.

पुढं आराखडा नगरपालिकेतून गेला, सरकारकडे गेला, तिथं बराच काळ पडून राहिला आणि मंजूर होऊन आला. मैदान टिकलं. पण त्याआधी, दुरुस्त नकाशा रंगवताना, रंगाऱ्यापुढं वेगळाच पेच आला होता. कपडे वाळवायच्या मैदानाला रंगच नव्हता. बाग नाही म्हणून हिरवा चालेना, कारखाना नाही म्हणून जांभळा चालेना. त्यानं मॅडमना विचारलं. "काहीतरी खूण करा आणि सूचीत लिहा," त्या म्हणाल्या. त्यानं फिक्या पिवळ्यावर बारीक पेननं ओळीनं रेघा मारल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी ताणलेल्या दोऱ्यांसारख्या. आणि सूचीच्या तळाशी लिहिलं, 'वाळवण मैदान.' उभ्या नोकरीत इतक्या हौसेनं त्यानं काही काढलं नव्हतं.

मंजूर आराखडा सभागृहात लागला आणि ताई तो बघायला आली. पहिल्यांदाच. येताना नुकतंच पुन्हा धुवायला आलेलं हिरवं कापड इस्त्री करून घेऊन आली होती, ते तिनं शिपायाकडे दिलं. रंगारी काठी सावरून पुढं झाला.

"ताई, दारात उभी राहिलीस, समोर काय..."

"गप रे. मला कळतं," ती म्हणाली. तिनं नदी बघितली, पूल बघितला, पुलावरून बोटानं बाजारात आली, बाजारातून वळली आणि बोट बरोबर रेघांवर टेकवलं. बराच वेळ तसंच ठेवलं. रंगाऱ्याला वाटलं, हिचे डोळे भरून येतात की काय. त्याचे आलेच होते.

"धाकट्या, या दोऱ्या का?"

"हो."

"आडव्या काढल्यास. आमच्या उभ्या असतात."

रंगाऱ्यानं बघितलं. नदी इकडं, गल्ली तिकडं, वारा नदीकडून येतो, आणि दोऱ्या उभ्या बांधल्या तरच तो कपड्यांना समोरून लागतो. ताईच्या पायरीवर तो किती वेळा बसला असेल, आणि दोऱ्या कोणत्या दिशेनं बांधतात हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याला ओशाळल्यासारखं झालं.

"ताई, आराखडा आता मंजूर झाला. सरकारची सही आहे त्याच्यावर. आता यात काही बदलायचं म्हणजे..."

"लेखी द्या," ताई म्हणाली. मग तिनं बोट उचललं आणि हसली. "राहू दे. तू एवढ्या हौसेनं काढल्यास, आम्ही दोऱ्या फिरवतो."

त्याला ती चेष्टा वाटली. पुढच्या आठवड्यात तो अर्ध्या दिवसाची रजा काढून ताईकडे गेला. हल्ली तो कामाच्या दिवशीच जायचा. मैदानात सगळ्या दोऱ्या नेहमीसारख्या उभ्या होत्या. फक्त दाराजवळची एक दोरी नकाशाप्रमाणे आडवी बांधलेली होती, आणि तिच्यावर त्यानं धुवायला दिलेला कचेरीचा शर्ट होता. बाकीच्या दोऱ्यांवरचे कपडे वाळून कडकडीत झाले होते. शर्टाला त्यानं हात लावून बघितला, तो अजून ओला होता.